एक नग लोखंड, दातांसकट

टिकाराम खोब्रागडे तसा वाईट माणूस नव्हता, पण त्याला नकाशे काढता येत होते. भिलाईच्या प्लांटात तो ज्युनिअर ड्राफ्ट्समन होता. ज्याला कागदावर रेघ सरळ ओढता येते त्याला हळूहळू जगातली सगळीच कामं सरळ वाटायला लागतात, आणि टिकारामचं नेमकं तेच झालं होतं. कानस कशी धरतात हे त्याला माहीत होतं, पण चित्रावरून. म्हणून त्रेसष्ट सालच्या उन्हाळ्यात त्यानं बायकोसाठी कुरडयांचं मशीन बनवायचं ठरवलं तेव्हा भीती अशी त्याला वाटलीच नाही.

याचं मूळ मागच्या उन्हाळ्यात होतं. कुरडया हे काही एकटीचं काम नव्हे. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटायचे, गाळायचे, रात्रभर निवळू द्यायचे आणि सकाळी तळाशी बसलेला चीक शिजवायचा. शिजलेला चीक गरम असतो तोवरच साच्यातून दाबायचा. एकदा निवला की त्याला हत्तीनं दाबलं तरी तो बाहेर यायचा नाही. म्हणून क्वार्टरांच्या त्या लाइनीतल्या बायका पाळी लावत. आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या. कांता, म्हणजे टिकारामची बायको, सगळ्यांच्या अंगणात गेली. तिला पाणी भरायला सांगितलं, कापड अंथरायला सांगितलं, कावळे हाकायला सांगितलं. साच्याला हात लाव असं मात्र कोणी म्हणालं नाही. आणि तिची पाळी आली त्या दिवशी शेजारची सिंधुताई तेवढी आली. बाकीच्यांना नेमकी त्याच दिवशी कामं निघाली.

कोणी वाकडं बोललं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. भिलाईत तसं कोणी बोलत नसे. सगळ्यांची क्वार्टरं एकाच मापाची, नळ एकच, भोंगा एकच. फक्त लेकाकडे राहायला आलेल्या शकुबाई नावाच्या एक वडीलधाऱ्या बाई लाइनीत होत्या. त्या कांताशी फाटकाबाहेर उभं राहून तासभर बोलत, पण आत कधी येत नसत. आणि शकुबाई जिथं बसत नाहीत तिथं बाकीच्या बायकांनाही पायात गोळे आल्यासारखं व्हायचं. सात वर्षं झाली होती नागपूरला दीक्षा घेऊन. टिकारामच्या डोक्यातून जात पार निघून गेली होती, आणि त्याची समजूत अशी होती की लाइनीच्या डोक्यातूनही गेली असेल.

त्या दिवशी कांतानं बराचसा चीक एकटीनं दाबला. नळावर पडून तिचं उजवं मनगट आधीच दुखावलं होतं, ते फुगून टम्म झालं. टिकारामनं मनगट पाहिलं आणि मनगटाचाच विचार केला. पुरुषाला सुजलेलं तेवढं दिसतं, बाकीचं सांगावं लागतं, आणि कांता सांगणारी नव्हती.

"हे सगळं दाबायचं काम चुकीचं आहे," त्यानं यंदा चैत्रातच जाहीर केलं. "माणसानं दाबायचं कावून? रॅक आणि पिनियन लावू."

"म्हणजे काय?"

"एक दातवाली सरळ पट्टी. तिच्या दातांत एक दातवालं चाक. चाकाले दांडा. दांडा फिरवला की पट्टी खाली जाते. पट्टीच्या खालच्या टोकाले दट्ट्या, दट्ट्याखाली चीक. एका बोटानं कुरडई!"

"मंग बोट कोणाचं?" कांता म्हणाली. पण तोवर टिकारामनं पेन्सिल काढली होती.

आता एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पट्टी निवडायचं काम टिकारामनं ज्या शास्त्रशुद्ध पद्धतीनं केलं तसं पंचक्रोशीत कोणी केलं नसेल. चीक दाबायला जोर किती लागतो हे आधी मोजायला हवं होतं. त्यासाठी त्यानं कांताकडून अर्धा शेर पीठ मागून घेऊन शिजवलं, घरच्या लाकडी साच्यात भरलं आणि वर विटा रचत गेला. सात विटांना काही नाही, नऊ विटांना नुसतं पाणी सुटलं, अकराव्या विटेला खालून शेवया आल्या आणि पाठोपाठ अकराही विटा आल्या. पायाच्या अंगठ्याला फडकं बांधून त्यानं वहीत लिहिलं, 'जोर: अकरा विटा.' दट्ट्या आठ इंच उतरायला हवा, म्हणून पट्टी निदान फूटभर लांब हवी, हेही त्यानं लिहिलं.

फडकं पाहून शेजारचे कृष्णराव चौकशीला आले. ते सिंधुताईंचे यजमान, रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवायचे. बारा टनांखालचं ते वजन मानत नसत.

"दात मोठे घे," कृष्णराव म्हणाले. "आमच्या क्रेनचे दात पाह्य, मुठीएवढे हाय. आयुष्यात मोडत नाही."

"दात मोठा घेतला तर चाक मोठं लागते. चाक मोठं झालं की दांडा जड जाते. मंग फिरवाले तुमची क्रेनच आणा लागन."

"मंग आणू ना," कृष्णराव म्हणाले. हा माणूस मनानं फार मोठा होता.

अशा रीतीनं दोन दिवसांत लाइनभर झालं की खोब्रागडेंच्या घरी मशीन होऊन राहिली आहे. बायका एकेक करून विचारून गेल्या. आमचेही दोन शेर काढून द्याल का? टिकाराम कोणाला नाही म्हणेना. चार घरांचे गहू ठरले. आणि एका संध्याकाळी शकुबाई आल्या. फाटकाबाहेरच उभ्या राहिल्या.

"टिकाराम, थे मशीनले दाबा नाही लागत म्हणते?"

"नाही ना मावशी. दांडा फिरवला की झालं."

"म्हणजे चिकाले कोणाचा हात नाही लागत."

"अजिबात नाही!" टिकारामची छाती दोन इंच फुगली.

"मंग माझेही चार शेर भिजू घालते. माझा चिकाचा गंज मी आणीन, माझ्या हातानं आत टाकीन. मशीनले काही जातपात नसते, नाही का?"

"अगदी बरोबर बोलल्या मावशी," टिकाराम म्हणाला, आणि मोठं प्रमाणपत्र मिळाल्यासारखा आत गेला.

कांता भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. थापायची थांबून तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"अजी, मशीन चांगली बनवा," ती म्हणाली. "बिघडू नका देऊ."

"कावून बिघडन?"

"बिघडली तर मंग हात लागन ना."

टिकाराम उभा होता तो खाली बसला. मागच्या वर्षीचं सगळं अंगण त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. पाणी भरणारी कांता, कावळे हाकणारी कांता. आपण वर्षभर मनगटाला तेल चोळत होतो आणि दुखत होतं दुसरीकडेच, हे त्याला कळलं, आणि त्याला स्वतःची फार लाज वाटली.

"तू बोलली कावून नाही?"

"काय बोलू? कोणी काही म्हटलं असतं तर सांगतलं असतं. माझी माय आयुष्यभर दुसऱ्याचे गहू निवडत होती, पण भिजल्यावर तिले हात लावू देत नोते. इथं पाच घरचे गहू माझ्या दारात येऊन राहिले. मशीनच्या नावानं का होईना, येऊ द्या. फक्त खराब नका होऊ देऊ. एकदा खराब झाले तर गहू खराब झाले असं कोणी म्हणणार नाही."

त्या दिवसापासून टिकाराम गंभीर झाला. नुसता हौशी होता तोवर बरं होतं, गंभीर झाल्यावर त्याला आवरणं कठीण गेलं.

पट्टीसाठी तो पॉवर हाऊसकडच्या भय्याजीच्या भंगाराच्या वाड्यात गेला. प्लांट उभा करताना ठेकेदारांनी टाकलेली, मोडलेली यंत्रं भय्याजी तोलून घ्यायचा आणि तोलून विकायचा. त्याच्याकडे दातेरी पट्ट्यांचा ढीगच होता. टिकाराम त्या ढिगात तीन तास बसला. पहिल्या पट्टीचे मधले दहा दात झिजलेले निघाले, कारण काम मधल्यांनाच जास्त पडतं आणि टोकाचे मजेत राहतात, जसं ऑफिसात असतं. दुसरीचे दात तिरपे होते. तिरपे दात चालतात गुळगुळीत, पण चाकाला बाजूला ढकलतात. तिसरी त्यानं डोळ्यासमोर धरून पाहिली तर तिला पोक आलेलं. चौथी मात्र सरळ, फूटभर लांब, दात धारदार, कानस घासली तर नुसती घसरावी इतकी कडक. बाजूला रशियन अक्षरं कोरलेली. टिकारामला गहिवरून आलं.

"बाबूजी, तीन घंटे में तो आदमी बहू पसंद कर लेता है," भय्याजी म्हणाला.

इथवर चूक अशी एकही नव्हती. खरी गोची पुढं झाली. दातांचं माप हातपट्टीनं घेणं टिकारामच्या ड्राफ्ट्समनपणाला शोभेना. म्हणून मंगळवारी त्यानं पट्टी पिशवीत घातली आणि थेट प्लांटच्या टूल रूममध्ये नेली. तिथल्या माणसानं चांगल्या उपकरणानं मापून दातांच्या मापाची चिठ्ठी दिली, 'मॉड्यूल तीन. माल उत्तम.' संध्याकाळी टिकाराम शीळ घालत गेटावर आला आणि हवालदारानं पिशवी उघडली.

"ये कहाँ से निकाला?"

"निकाला नहीं, सुबह अंदर लाया था. मेरा है."

"अंदर लाने का कागज?"

"कागज कशाला? घरचं आहे."

"घर का है तो अंदर क्यों लाए?"

लोक प्लांटातून लोखंड बाहेर नेताना सापडत, पण बाहेरचं लोखंड प्लांटात नेऊन सापडलेला हा पहिलाच इसम होता, आणि त्याच्यासाठी फॉर्मसुद्धा छापलेला नव्हता. शेवटी बाहेर न्यायचाच फॉर्म उलटा भरून घेतला. 'वस्तूचा उपयोग' या रकान्यात टिकारामनं लिहिलं, 'घरगुती खाद्यपदार्थ.' ते वाचून आतून एक साहेब बाहेर आले, त्यांनी पट्टीकडे पाहिलं, टिकारामच्या दातांकडे पाहिलं आणि आत गेले. पट्टी जमा झाली. विकत घेतल्याची पावती आणा, घेऊन जा.

भय्याजीनं जन्मात पावती दिली नव्हती. बुधवारी त्यानं हात जोडले. गुरुवारी टिकारामनं हात जोडले. त्याच बुधवारी इकडे पाचही घरी गहू भिजत पडले होते, आणि भिजलेले गहू कोणाच्या पावतीसाठी थांबत नाहीत. गुरुवारी लाइनभर आंबूस वास सुटला. शुक्रवारी भय्याजीनं दया येऊन एका चिटोऱ्यावर लिहून दिलं, 'एक नग लोहा, दाँत सहित.' त्यावर गेटानं शिक्का मारला आणि पट्टी सुटली. टिकारामनं ती छातीशी धरून आणली.

चाक शनिवारी आलं, आणि ते आणलं सासऱ्यांनी. देवाजी रेल्वेच्या वर्कशॉपातून फिटर म्हणून निवृत्त झाले होते आणि दुर्गला मुलाच्या क्वार्टरात राहत होते. जावयाचं पत्र पोचताच त्यांनी कळवलं होतं की पिनियनची काळजी करू नका, आपल्या पेटीत आहे. धोतराच्या फडक्यात बांधलेलं ते चाक त्यांनी पोरगी दाखवावी तसं हळूच उघडून दाखवलं. काळंभोर, तेलकट, एकही दात झिजलेला नाही. बाजूला इंग्रजी आठचा आकडा ठोकलेला.

"इंग्रजाच्या टाइमचा माल हाय, जवाईबापू," देवाजी म्हणाले. "रेल्वेचं चाक जगात कोठीही बसते."

टिकारामनं चाक पट्टीवर ठेवलं. दोन दात दोन खाचांत खटकन बसले. जरा घट्ट वाटलं.

"जरा आखडते, मामाजी."

"नवीन जोडी हाय. बसन हळूहळू."

खिशात टूल रूमची चिठ्ठी होती. चाकाचंही माप घ्यावं, हे टिकारामच्या मनात आलं नाही असं नाही. पण सासऱ्यानं पेटीतून काढून, धोतरात बांधून, दुर्गहून आणलेली वस्तू, आणि जावयानं तिला त्यांच्यासमोर कॅलिपर लावायचा? शिकलेला जावई असं करत नाही. अडाणी असता तर कदाचित लावलाही असता. टिकारामनं चिठ्ठी खिशातच राहू दिली आणि म्हणाला, "फर्स्ट क्लास आहे, मामाजी."

संध्याकाळपर्यंत मशीन उभं राहिलं. लोखंडी चौकट, पितळी नळी, खाली भोकांची चकती, वर दांडा. रिकामं फिरवून पाहिलं तर पट्टी खाली गेली आणि वर आली. खड्‌खड् असा आवाज येत होता, पण कृष्णराव म्हणाले की आमच्या क्रेनचाही येतो.

रविवारी सूर्य वर यायच्या आत अंगण भरलं. बाजा मांडल्या, त्यांवर धुतलेली धोतरं अंथरली. चिकानं भरलेले पाच गंज, म्हणजे मोठी पातेली, पाच घरांतून आले. शकुबाई पहिल्यांदाच फाटकाच्या आत आल्या, पण आपला गंज घेऊन भिंतीशी वेगळ्या उभ्या राहिल्या. घरधनीण म्हणून पहिला चीक कांताचा. तिनं तो शिजवून गरमगरम नळीत ओतला आणि मागं सरली. टिकारामनं हात पुसून दांडा धरला.

पहिला वेढा सुरेख गेला. चकतीतून शेवया उतरल्या, सिंधुताईनं त्या कापडावर गोल झेलल्या, आणि अंगणात एकदम "अव माय!" झालं. कांता हसली. टिकारामनं दुसऱ्या वेढ्याला जोर लावला. खड् झालं, खडाड् झालं, पट्टी उसळून वर आली आणि दांडा गरकन उलटा फिरून टिकारामच्या हनुवटीवर बसला.

"ग्रीस कमी हाय," देवाजी म्हणाले. ग्रीस लावलं. पुन्हा खडाड्. या वेळी टिकाराम आधीच मागं सरला होता, म्हणून दांडा त्याच्या कोपराला लागला.

"सरका," म्हणून कृष्णराव पुढं आले. त्यांनी बारा टनांच्या हिशेबानं दांडा ओढला. आत कुठंतरी करकर असा आवाज झाला आणि मशीन जे अडकलं ते हलेना. वर नाही, खाली नाही. चीक नळीत तसाच राहिला आणि चुलीवरच्या गंजात कडेकडेनं घट्ट व्हायला लागला.

देवाजींनी मग पाना घेतला आणि चाक काढलं. थाळीत सांडलेला चीक निवून वडीसारखा झाला होता. त्यावर त्यांनी चाक दाबून सरळ फिरवलं, दातांचे दहा ठसे उमटले. शेजारी पट्टी दाबली, तिचेही दहा उमटले. पहिले दोन ठसे अगदी बरोबरीनं होते. तिसरा जरा सरकलेला. दहाव्यापर्यंत चाकाचा ठसा पट्टीच्या अर्ध्या दाताहूनही पुढं निघून गेला होता.

टिकारामला सगळं लख्ख कळलं. इंग्रजांनी दात इंचाच्या हिशेबानं पाडले होते, चाकावरचा आठ तोच, आणि रशियनांनी मिलिमीटरच्या, चिठ्ठीतला तीन तो. चाक गोल, पट्टी सरळ, एका वेळी भेट होते ती दोनच दातांची. दोन दातांत काय कळणार? हलकं होतं तोवर निभलं, जोर आला तेव्हा एकमेकांवर चढले.

"माझ्यापायी झालं, जवाईबापू," देवाजी म्हणाले. "चाळीस वर्षं फिटर होतो मी. मापाले पायजे होतं."

"नाही मामाजी. चिठ्ठी माझ्या खिशात होती."

"मंग काढली कावून नाही?"

"तुमचं चाक होतं ना."

सासरे-जावई एकमेकांकडे पाहत राहिले. दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते धुरानं आलं असं म्हणायची सोय होती. तेवढ्यात अंगण गप्प झालं आणि दोघांनी वळून पाहिलं.

शकुबाईंनी आपला गंज उचलला होता. कोणाकडे न पाहता त्या फाटकाबाहेर पडल्या आणि आपल्या क्वार्टरात शिरल्या. बाकीच्या बायका आपापल्या गंजांकडे पाहू लागल्या. एकीनं पदर खोचलेला सोडला. कांता चुलीपुढं उभी होती. तिच्या हातात चाटू होता आणि ती चीक ढवळत होती, कारण न ढवळावं तर तो लागला असता, आणि ढवळावं तर तो कोणासाठी, हे तिला कळत नव्हतं. टिकारामला वाटलं, ते मशीन उचलून परत गेटावर जमा करावं आणि त्याबरोबर स्वतःलाही जमा करावं.

"काय पाह्यत उभ्या हाय?" फाटकातून आवाज आला. "चीक निवून राहिला ना!"

शकुबाई परत आल्या होत्या. त्यांच्या काखेत घरचा मोठा लाकडी साचा होता, आणि मागून त्यांचा चाळिशीचा लेक डोक्यावर आणखी दोन साचे आणि कडेवर तो गंज सांभाळत येत होता. त्या थेट चुलीजवळ आल्या, कांताच्या समोर मांडी घालून बसल्या आणि साचा पुढं केला.

"टाक."

कांता जागची हलेना. "मावशी, हा माझा चीक हाय."

"आंधळी नाही मी. तुझाच पहिले निवून राहिला ना? टाक लवकर."

कांतानं टाकला. शकुबाईंनी दाबला. एक कुरडई पडली, दुसरी पडली. तिसरीला त्या धापा टाकायला लागल्या, कारण जोर अकरा विटांचा होता आणि त्यांचं वय साठीपुढचं. "अजी पुरुष मंडळी," त्या ओरडल्या, "लोखंड तर दाबून झालं, आता हे दाबा!"

मग अंगणात जे झालं ते त्या लाइनीत कधी झालं नव्हतं. बारा टनांच्या कृष्णरावांनी साचा धरला आणि पहिल्याच कुरडईला त्यांना घाम फुटला. देवाजी फिटरच्या शिस्तीनं एकसारख्या मापाच्या कुरडया पाडू लागले. टिकाराम हनुवटीला फडकं बांधून बसला आणि त्याच्या कुरडया नकाशातल्यासारख्या गोल काही येईनात. चीक कोणाचा, साचा कोणाचा, हात कोणाचा, हे पहिल्या दोन गंजांपर्यंत ध्यानात राहिलं, नंतर कोणाला सवड नव्हती. शकुबाईंचा गंज चुलीवर चढला तेव्हा त्या साच्यात गुंतल्या होत्या. कांतानं चाटू उचलला, थांबली, आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"खालून हलव," शकुबाई मान वर न करता म्हणाल्या. "लागते थो."

दुपार चढायच्या आत सहाही घरांच्या कुरडया पांढऱ्याशुभ्र बाजांवर पसरल्या. बायका सावलीला टेकल्या. कांताच्या गंजाच्या तळाशी थोडा चीक उरला होता. शकुबाई घाम पुसत सरकल्या, कोणाला न विचारता त्यांनी गंज पुढं ओढला, बोटांनी एक घास काढला आणि तोंडात टाकला. अंगणातल्या सगळ्या बायकांना एकदम आभाळात काहीतरी पाहण्यासारखं दिसलं. शकुबाईंनी घास सावकाश खाल्ला.

"मीठ कमी हाय वो कांता," त्या म्हणाल्या. "पुढच्या साली पाह्यजो."

कांता उठून आत गेली. टिकाराम मागोमाग गेला. ती मिठाच्या बरणीजवळ भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. टिकारामच्या जिवाला फार लागलं. सकाळपासून हनुवटी गेली होती, कोपर गेलं होतं, इज्जत गेली होती, आणि आता हे.

"मीठ मी स्वतः तोलून दिलं होतं," तो म्हणाला. "कमी असूच शकत नाही. मी सांगतो त्याइले."

कांता वळली. ती रडत होती, पण हसतही होती. फडकं बांधलेल्या नवऱ्याकडे तिनं असं पाहिलं की तो निघता निघता थांबला.

"काही सांगू नका," ती म्हणाली. "अजी, खाल्ल्याबिगर कळते काय कोणाले मीठ कमी हाय म्हणून?"